एमबीबीएस आणि बीएस्सी नर्सिंगचा नंबर कसा लागतो? मेरिट लिस्टपासून जागावाटपापर्यंतची सगळी पद्धत

नीटचा निकाल लागला की वसमतमध्ये काय, नांदेड-हिंगोलीत काय, एकच प्रश्न ऐकू येतो: "यंदा किती मार्कांवर क्लोज होईल?" प्रश्न बरोबर आहे, पण अर्धाच आहे. मार्क तुम्हाला रांगेत उभं करतात, एवढंच. रांगेतल्या कोणाला कोणतं कॉलेज द्यायचं हे एक संगणकीय प्रोग्राम ठरवतो आणि तो चालतो तुम्ही भरलेल्या पसंतीक्रमावर.

मार्क परीक्षेच्या दिवशी ठरून जातात. पसंतीक्रम मात्र निकालानंतरही तुमच्या हातात असतो. तरी अनेक घरांत दोन वर्षं क्लासला जातात आणि पसंतीक्रमाला अर्धा तासही मिळत नाही. म्हणून या लेखात ही पद्धत आतून कशी चालते ते टप्प्याटप्प्याने समजून घेऊया.

आधी थोडक्यात

- एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस यांच्यासाठी परीक्षा एकच: नीट. ती २०१९ पासून राष्ट्रीय चाचणी संस्था, म्हणजे एनटीए घेते.
- शासकीय मेडिकल कॉलेजांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात जातात. त्यांचं वाटप एमसीसी ही केंद्राची समिती करते. उरलेल्या ८५ टक्के जागा राज्याच्या. त्या महाराष्ट्राचा राज्य सीईटी कक्ष कॅप राउंडमधून भरतो.
- दोन्हींची नोंदणी वेगवेगळी असते. एकीकडे फॉर्म भरला म्हणजे दुसरीकडेही झाला, असं होत नाही.
- बीएस्सी नर्सिंगसाठी राज्य सीईटी कक्षाची स्वतंत्र सीईटी असते.

पहिला टप्पा: रांग कशी लागते?

नीटचा पेपर ७२० मार्कांचा. २०२५ मध्ये १८० प्रश्न आणि १८० मिनिटं होती: फिजिक्स ४५, केमिस्ट्री ४५, बायोलॉजी ९०. बरोबर उत्तराला ४ मार्क, चुकलं तर १ मार्क वजा, सोडून दिलं तर शून्य. पेपर मराठीतूनही देता येतो, पण भाषा फॉर्म भरतानाच निवडावी लागते. भाषांतरात शंका आली तर इंग्रजी प्रश्न अंतिम मानतात.

दोघांना सारखेच मार्क असले तर? आधी बायोलॉजीचे मार्क बघतात, मग केमिस्ट्रीचे, मग फिजिक्सचे. एकेका मार्कावर बरेच उमेदवार असतात, त्यामुळे हा नियम रोज वापरात येतो. टोटल सारखी असूनही मैत्रिणीचा रँक तुमच्या पुढे असेल, तर तिचे बायोलॉजीचे मार्क बघा.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हे

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. खुल्या गटासाठी नीटची पात्रता ५० पर्सेंटाइल आणि अनुसूचित जाती, जमाती व ओबीसींसाठी ४० पर्सेंटाइल आहे. ऐकणाऱ्याला वाटतं, ७२० च्या निम्मे म्हणजे ३६० मार्क लागतात. तसं नाही.

५० पर्सेंटाइल म्हणजे परीक्षा दिलेल्यांपैकी निम्मे उमेदवार तुमच्याइतक्या किंवा तुमच्यापेक्षा कमी मार्कांवर आहेत. किती मार्कांवर ते होईल, हे पेपरवर अवलंबून. खुल्या गटाची पात्रतेची खालची मर्यादा गेल्या काही वर्षांत अशी बदलली:

- २०२२: ११७
- २०२३: १३७
- २०२४: १६२
- २०२५: १४४

पर्सेंटाइल चारही वर्षं तेच, मार्क मात्र वेगळे. २०२५ चे १४४ म्हणजे ७२० च्या बरोबर २० टक्के.

आता दुसरा घोळ. "पात्र" झालं म्हणजे प्रवेश झाला असं नाही. २०२५ मध्ये सुमारे २२ लाख जणांनी नीट दिली आणि १२ लाखांहून जास्त पात्र ठरले. देशातल्या एमबीबीएसच्या जागा साधारण सव्वा लाखाच्या घरात आहेत. म्हणजे पात्र झालेल्या दहा जणांमागे जागा एक. पात्रता फक्त दार उघडते, आत रांग लांबच असते.

२०२४ मध्ये काय बिघडलं होतं?

रांग लावण्याचा हिशोब किती नाजूक असतो हे त्या वर्षी सगळ्यांना दिसलं. ४ जून २०२४ ला निकाल लागला आणि ६७ जणांना ७२० पैकी ७२० पडले. काहींना ७१८ आणि ७१९ मार्क होते. आता हिशोब करून बघा: एक प्रश्न सोडला तर ७१६ होतात, एक चुकला तर ७१५. मग ७१८ आले कुठून?

ते आले ग्रेस मार्कांतून. काही केंद्रांवर वेळ वाया गेला म्हणून १५६३ उमेदवारांना एका सूत्राने मार्क वाढवून दिले होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, ते मार्क रद्द झाले आणि या उमेदवारांना २३ जूनला पुन्हा परीक्षेची संधी मिळाली. शिवाय फिजिक्सच्या एका प्रश्नाची दोन उत्तरं बरोबर धरली गेली होती. आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांचं मत घेऊन एकच उत्तर ग्राह्य धरलं, आणि शेवटच्या सुधारित निकालात ७२० वाले १७ राहिले. पेपरफुटीचे आरोपही झाले, पण सगळी परीक्षा नव्याने घ्यायला न्यायालयाने नकार दिला.

एका प्रश्नाच्या उत्तरसूचीने देशभरातले रँक हलले. म्हणून तात्पुरती उत्तरसूची येते तेव्हा आपली ओएमआर शीट ताडून बघा. हरकत नोंदवायला मुदत कमी असते.

नर्सिंगची रांग वेगळी

बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं. त्यासाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हवं. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमाप्रमाणे खुल्या गटाला किमान ४५ टक्के आणि वय १७ पूर्ण लागतं. राज्याच्या सीईटीत १०० मार्कांचे १०० प्रश्न असतात: फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्रजी आणि नर्सिंग अॅप्टिट्यूड. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका.

तंत्राच्या दृष्टीने मोठा फरक असा की नीट सगळ्या देशात एकाच वेळी कागदावर होते. सीईटी संगणकावर होते आणि उमेदवार जास्त असले की वेगवेगळ्या सत्रांत घ्यावी लागते. सकाळचा पेपर सोपा आणि दुपारचा अवघड निघाला तर? म्हणून मार्कांची थेट तुलना न करता प्रत्येक सत्राचं पर्सेंटाइल काढतात. समजा तुमच्या सत्रात १०,००० जण होते आणि ९,२०० जणांना तुमच्याइतके किंवा कमी मार्क आहेत. मग तुमचं पर्सेंटाइल ९२. दुसऱ्या सत्रातल्या कोणाला तुमच्यापेक्षा दोन मार्क कमी असूनही तो पुढे असू शकतो, कारण त्याचा पेपर अवघड होता.

जीएनएम तीन वर्षांचं आणि एएनएम दोन वर्षांचं. या दोन्हींना बारावी कोणत्याही शाखेची चालते, त्यामुळे आर्ट्सच्या मुलींनाही नर्सिंगचा रस्ता बंद नाही. कॉलेज कोणतंही असो, फी भरण्याआधी ते भारतीय परिचर्या परिषदेच्या आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या यादीत आहे का, हे बघाच. मान्यता नसलेल्या संस्थेतून शिकलं की पुढे नोंदणी होत नाही, आणि नोंदणीशिवाय नर्स म्हणून नोकरी नाही.

सगळीकडे नुसत्या मार्कांवरच निवड होते असंही नाही. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात एमबीबीएससाठी नीटनंतर इंग्रजी व तर्काची वेगळी चाचणी आणि मुलाखत असते. सैन्याच्या बीएस्सी नर्सिंगलाही नीट, त्यानंतर संगणकीय चाचणी आणि मुलाखत आहे.

दुसरा टप्पा: संगणक जागा कशी वाटतो?

आता खरा गाभा. प्रोग्राम मेरिट लिस्टमधला पहिला उमेदवार घेतो, त्याची यादी वरून वाचतो आणि ज्या पहिल्या कॉलेजात जागा शिल्लक आहे ती त्याला देतो. मग दुसरा, मग तिसरा. असं शेवटपर्यंत.

एक छोटं उदाहरण घेऊ. नांदेड, हिंगोली आणि परभणी अशी तीन कॉलेजं, प्रत्येकी एकच जागा. मेरिटने अ पुढे, मग ब, मग क.

- अ ची यादी: नांदेड, परभणी, हिंगोली
- ब ची यादी: नांदेड, हिंगोली, परभणी
- क ची यादी: हिंगोली, परभणी, नांदेड

अ ला नांदेड मिळतं. ब ची पाळी आली, नांदेड भरलं, म्हणून हिंगोली. क ला हिंगोली हवं होतं, पण ते गेलं, म्हणून परभणी.

इथे नीट बघा. हिंगोली क ची पहिली पसंती होती आणि ब ची दुसरी. तरी ते ब ला मिळालं, कारण पाळी मेरिटने येते, पसंतीच्या नंबराने नाही.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज

"नांदेड काही आपल्याला लागणार नाही, उगाच पहिला नंबर वाया कशाला घालवायचा? हिंगोलीच पहिलं टाका." हा सल्ला अनेकदा ऐकायला मिळतो, आणि तो चूक आहे.

वरच्या उदाहरणात ब ने भीतीपोटी हिंगोली पहिलं टाकलं असतं, तर त्याला हिंगोलीच मिळालं असतं. म्हणजे फायदा शून्य. आता समजा अ ला अखिल भारतीय कोट्यातून दुसरीकडे जागा मिळाली आणि तो राज्याच्या रांगेतून बाहेर पडला. नांदेड मोकळं झालं. ज्या ब ने नांदेड पहिलं लिहिलं त्याला नांदेड मिळेल. ज्या ब ने हिंगोली पहिलं लिहिलं त्याला हिंगोलीच मिळेल आणि नांदेड मागून आलेला घेऊन जाईल.

वरची पसंती मिळाली नाही तर खालच्या पसंतीचं काहीच नुकसान होत नाही. म्हणून यादी मनातल्या खऱ्या क्रमाने लिहायची. अंदाज बांधायचा नाही.

ही भीती आली कुठून? जगात काही पद्धती खरंच तशा होत्या. अमेरिकेतल्या बोस्टन शहरात शाळाप्रवेशाला आधी सगळ्यांची पहिली पसंती भरायचे, मग उरलेल्या जागांवर दुसरी. तिथे पहिली पसंती हुकली की दुसरीही हातची जायची. पालक डावपेच खेळायला लागले, आणि २००५ मध्ये बोस्टनने ती पद्धत सोडली. डेव्हिड गेल आणि लॉइड शेपली या गणितज्ञांनी १९६२ मध्येच उमेदवार आणि संस्था यांची स्थिर जोडी लावायची पद्धत मांडली होती. अमेरिकेत तरुण डॉक्टरांना हॉस्पिटल याच जातीच्या पद्धतीने मिळतं. या विषयावरच्या कामासाठी शेपली आणि अॅल्विन रॉथ यांना २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्याकडे सगळ्यांची एकच मेरिट लिस्ट असते, त्यामुळे काम आणखी सोपं होतं: खरं लिहिणाऱ्याचं नुकसान होत नाही.

एक अट मात्र आहे. जिथे जाणार नाही किंवा जिथली फी झेपणार नाही, ते कॉलेज यादीत टाकूच नका. खाजगी कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, ती आधी बघा. "भरून ठेवू, बघू नंतर" असं केलं आणि तेच लागलं, तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर पडायची किंवा अनामत जायची वेळ येऊ शकते.

मराठवाड्याला यादी लांब का करावी लागते?

पूर्वी राज्यात ७०:३० असं सूत्र होतं. बारावी मराठवाड्यातून केलेल्यांना मराठवाड्यातल्या कॉलेजांत ७० टक्के जागा, बाहेर मात्र ३० टक्क्यांतच स्पर्धा. विदर्भ आणि उर्वरित महाराष्ट्राचंही तसंच. मराठवाड्यात कॉलेजं कमी, त्यामुळे चांगले मार्क असूनही मुंबई-पुण्याचं दार अरुंद, ही इथली जुनी तक्रार होती. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने हे सूत्र रद्द केलं.

तेव्हापासून राज्याच्या ८५ टक्के जागांसाठी रांग एकच आहे. वसमतच्या मुलीला मुंबई, पुणे, नागपूर बरोबरीने खुलं आहे. पण नांदेडच्या जागेवरही आता कोल्हापूर-नाशिकचे उमेदवार तितक्याच हक्काने येतात. "आपलं नांदेड तर मिळेलच" हे गृहीत धरून चार-पाच कॉलेजं भरण्याचे दिवस गेले.

दुसरीकडे जागाही वाढल्या. नांदेडचं शासकीय मेडिकल कॉलेज १९८८ चं, लातूरचं २००२ चं. धाराशिव २०२२ मध्ये आणि परभणी २०२३ मध्ये सुरू झालं. ९ ऑक्टोबर २०२४ ला राज्यातल्या दहा नव्या कॉलेजांचं एकत्र उद्घाटन झालं, त्यात जालना आणि हिंगोली होते. छत्रपती संभाजीनगर आणि अंबाजोगाई जुनीच. म्हणजे आज मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत शासकीय मेडिकल कॉलेज आहे. हिंगोलीला १०० जागा, त्यातल्या साधारण ८५ राज्याच्या रांगेतून भरतात.

आरक्षण प्रोग्राममध्ये कसं चालतं?

राखीव प्रवर्गातला उमेदवार खुल्या जागेसाठीही पात्र असतो. प्रोग्राम त्याच्या पसंतीच्या कॉलेजात आधी खुली जागा शिल्लक आहे का बघतो, नसेल तर प्रवर्गाची. दोन्ही नसतील तर पुढची पसंती. महिलांचं ३० टक्के आरक्षण समांतर असतं, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आतच मोजतात.

अखिल भारतीय कोट्यात केंद्राची यादी चालते. राज्याचं १० टक्के एसईबीसी आरक्षण तिथे लागू नाही. ओबीसींनाही तिथे केंद्राच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं.

प्रवर्गाचा दावा टिकायला कागद वेळेत हवेत. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावी-बारावीतच जिल्हा पडताळणी समितीकडे करून टाका. नॉन-क्रिमीलेअरची मुदत बघा. कागद नसला तर संगणक तुम्हाला खुल्या गटात मोजतो. त्याला तुमची अडचण कळत नाही.

आणखी एक सापळा: राज्याच्या ८५ टक्के जागांसाठी अधिवासाबरोबर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागतात. क्लाससाठी हैदराबादला किंवा कोट्याला जाऊन बारावीचा फॉर्म तिथूनच भरला, तर राज्याचा कोटा हातचा जातो. अपवाद मोजकेच, सरकारी बदलीवाल्यांसारखे.

फेऱ्या आणि "स्टेटस रिटेन्शन"

पहिल्या फेरीत जागा लागली आणि त्यावर समाधान असेल, तर प्रवेश घेऊन स्टेटस रिटेन्शन फॉर्म भरायचा. मग पुढच्या फेरीत तुमचा विचार होत नाही. फॉर्म भरला नाही तर आणखी बऱ्या कॉलेजसाठी विचार होतो. पण नवी जागा लागली की जुनी त्याच क्षणी दुसऱ्याला जाते, ती परत मागता येत नाही. म्हणून पुढच्या फेरीची यादी भरताना हातातल्या जागेपेक्षा खरंच बरी वाटणारी कॉलेजंच टाका.

नेट कॅफेतून फॉर्म भरताना

वसमतमध्ये बहुतेक फॉर्म महा ई-सेवा केंद्रातून किंवा नेट कॅफेतून भरले जातात. त्यात वावगं काही नाही, पण एवढं सांभाळा:

१. मोबाइल नंबर आणि ईमेल घरचाच द्या. ओटीपी आणि सूचना त्यावरच येतात.
२. पासवर्ड स्वतःकडे लिहून ठेवा.
३. पसंतीक्रम घरी कागदावर लिहून न्या. तिथे बसून ठरवू नका.
४. यादी लॉक करण्याआधी कॉलेजचा कोड आणि नाव दोन्ही ताडा. एकाच शहरात सारख्या नावाची कॉलेजं असतात.
५. लॉक केल्यावर पीडीएफ काढून घ्या.
६. शेवटच्या दिवसाची वाट बघू नका. सर्व्हर अडकतो, लाइटही जाते.

नेहमीचे प्रश्न

*पैसे दिले तर जागा मिळवून देतो म्हणणारे खरे असतात का?*
नाही. कॅप राउंडमध्ये जागा मेरिट आणि पसंतीवरच लागते. प्रत्येक फेरीची निवड यादी जाहीर होते, ती कोणीही तपासू शकतो.

*मागच्या वर्षीचा कटऑफ बघायचा की नाही?*
बघा, पण मार्कांचा नाही, रँकचा. मार्क पेपरप्रमाणे हलतात हे वर पाहिलंच. आणि तो बघायचा यादी किती लांब करायची हे ठरवण्यासाठी, क्रम बदलण्यासाठी नाही.

*मुलींच्या फीची सवलत कोणाला?*
जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण आणि परीक्षा फी माफ आहे. प्रवेश कॅपमधून झालेला हवा, मॅनेजमेंट कोट्याला ही सवलत नाही. त्यामुळे फी बघून एखादं कॉलेज यादीतून वगळण्याआधी ही सवलत आपल्याला लागू होते का, ते तपासा.